नमुन्याचा प्रवास

१९७६ च्या सप्टेंबरअखेरीस किन्शासाहून बेल्जियमकडे निघालेल्या एका प्रवासी विमानात, एका उतारूच्या हातसामानात, एक थर्मास होता. आत बर्फ आणि रक्ताच्या दोन काचेच्या नळ्या. तेव्हाच्या झैरच्या उत्तर भागात यांबुकू नावाच्या गावी मिशनरी रुग्णालयात माणसं तापानं पटापट दगावत होती. हे रक्त तिथल्याच एका आजारी ननचं. अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय रोगसंस्थेत थर्मास उघडला तेव्हा एक नळी फुटलेली निघाली आणि वितळलेल्या बर्फात रक्त मिसळलेलं होतं. दुसऱ्या नळीतून जे हाती आलं ते पुढे इंग्लंडमध्ये पोर्टन डाउनला आणि अमेरिकेत अटलांटाला गेलं. हा विषाणू विज्ञानाला पूर्वी माहीत नव्हता, हे ऑक्टोबरमध्ये ठरलं आणि त्या भागातल्या एका नदीवरून त्याला ‘इबोला’ हे नाव मिळालं. यांबुकूचं रुग्णालय मात्र ३० सप्टेंबरलाच बंद पडलं होतं, कारण तिथल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ मरण पावले होते. एकूण ३१८ जणांना लागण झाली, त्यातले २८० गेले. युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांचं उत्तर अचूक होतं. ते आलं तेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असलेली माणसं उरली नव्हती.

मुठीत मावणाऱ्या यंत्रानं जंतूचा डीएनए जागच्या जागी वाचता येऊ लागला, त्याला आता दहा वर्षांहून अधिक काळ झाला. ही हकिकत बहुधा यंत्राच्या आकाराची म्हणून सांगितली जाते. मला ती नमुन्याच्या प्रवासाची हकिकत वाटते. साथ आली की दोन प्रश्न पडतात. जंतू कोणता, हा पहिला. तो कुठून आला आणि कुणाकडून कुणाकडे चालला आहे, हा दुसरा. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर साथीच्या ठिकाणी मिळवण्याचे प्रयत्न अनेकदा झाले आणि काही यशस्वीही झाले. दुसरा प्रश्न मात्र तर्कावर, चौकशीवर आणि पुष्कळदा सरकारी धाकावर सोडलेला होता. तो जिथे अनुत्तरित राहिला तिथे उपाय आंधळे झाले, आणि आंधळ्या उपायांची किंमत सगळ्या वस्तीनं मोजली. खिशातल्या सिक्वेन्सरचं ऐतिहासिक महत्त्व मी या दुसऱ्या प्रश्नावरून ठरवतो.

प्रयोगशाळेनं रोगाच्या दारी जाणं मुळात नवं नाही. कॉलऱ्याचा माग काढत रॉबर्ट कॉख १८८३ मध्ये आपलं साहित्य घेऊन इजिप्तला गेला. त्याच वेळी फ्रेंचांचंही पथक तिथे होतं, आणि त्यातला पाश्चरचा तरुण सहकारी लुई थुइलिए अलेक्झांड्रियात त्याच कॉलऱ्यानं मेला. इजिप्तमधली साथ ओसरली म्हणून कॉख कलकत्त्याला आला आणि १८८४ च्या सुरुवातीला त्यानं स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दोषी ठरवला. नुसत्या रुग्णांच्या आतड्यांत नव्हे, तर लोक ज्या तळ्याचं पाणी वापरत त्या तळ्यातही तो त्याला सापडला. म्हणजे साथीच्या ठिकाणी गेल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचाही धागा हाती आला. दहा वर्षांनी, १८९४ च्या जूनमध्ये, हाँगकाँगच्या प्लेगमध्ये अलेक्झांडर येर्सँ पोहोचला तेव्हा जपानहून आलेल्या कितासातोला रुग्णालयात सगळी सोय करून दिलेली होती आणि येर्सँला शवागारात प्रवेशही मिळेना. त्यानं गवताची झोपडी उभारून तिलाच प्रयोगशाळा केलं, प्रेतं पुरण्याचं काम करणाऱ्या इंग्रज खलाशांच्या हातावर पैसे ठेवले आणि प्लेगच्या गाठीतला द्राव मिळवला. आज तो जंतू त्याच्याच नावानं ओळखला जातो. सूक्ष्मदर्शक, थोडी काच आणि जिद्द एवढ्यावर त्या काळी क्षेत्रातली प्रयोगशाळा चालत असे.

दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठींचा ताप पाहून तो प्लेग आहे असं सांगणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. त्यांच्या निदानावर शंका घेतल्या गेल्या, पण निदान टिकलं. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन आला, ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत कामाला बसला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं स्वतः तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही आठवड्यांत, तेही मुंबईतच, मिळालं होतं. आजच्या मापानंसुद्धा हा वेग वाईट नाही. तरी पुढे काय झालं? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि घरांची झडती, माणसांना बळजबरीनं रुग्णालयात आणि छावण्यांत नेणं, सामान जाळणं, गटारांत कार्बोलिक ओतणं हे सगळं कायदेशीर झालं. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या समितीनं हे काम गोऱ्या शिपायांकडून करून घेतलं आणि २२ जूनच्या रात्री त्याच्यावर गोळी झाडली गेली. (हा इतिहास आपण चापेकरांच्या नावानं शिकतो, ते योग्यच आहे. व्हिएगसांचं नाव मात्र अभ्यासू मंडळींपलीकडे क्वचितच ऐकू येतं.) त्या जुलमाचं एक कारण राज्यकर्त्यांचा उद्दामपणा होता, हे उघड आहे. दुसरं कारण असं, की जंतू माहीत होता पण त्याची वाट माहीत नव्हती. उंदरावरच्या पिसवेचा सिद्धान्त पॉल-लुई सिमाँनं १८९८ मध्ये कराचीत मांडला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी कितीतरी वर्षं गेली. तोवर सरकारचा रोख पिसवेवर नव्हे, माणसावर होता.

विसाव्या शतकात उलट घडलं: प्रयोगशाळा जड होत गेली. जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, विषाणू दिसत नाहीत. त्यांच्यासाठी जिवंत पेशींत वाढ करणं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, प्रतिपिंडांच्या चाचण्या आणि पुढे अत्यंत धोकादायक विषाणूंसाठी हवाबंद जैवसुरक्षा कक्ष लागू लागले. असे कक्ष जगात मोजके, तेही बहुतेक श्रीमंत देशांत. त्यामुळे रोग गरीब देशात आणि उत्तर श्रीमंत देशात, अशी विभागणी पक्की झाली. भारताची स्थिती तुलनेनं बरी होती. पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीनं विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं, तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या जंगलात माकडं आणि माणसं मरू लागली तेव्हा तिथल्या क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू याच केंद्रानं शोधला. पण एवढ्या मोठ्या देशाला एक-दोन केंद्रं पुरत नाहीत. २००१ च्या सुरुवातीला सिलिगुडीत मेंदूज्वराची साथ आली, ६६ जण आजारी पडले, ४५ दगावले. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या आणि भेटायला येणाऱ्या माणसांनाही तो रोग झाला. त्या वेळी कारण ठरलं नाही. जपून ठेवलेल्या नमुन्यांची नंतर फेरतपासणी झाली आणि तो निपाह विषाणू होता हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. मे २०१८ मध्ये कोझिकोडला निपाह आला तेव्हा मणिपालची प्रयोगशाळा आणि पुण्याची संस्था मिळून काही दिवसांत निदान झालं. कुठे काही वर्षं आणि कुठे काही दिवस. या फरकामागे तंत्राइतकाच जवळ असलेल्या आणि सावध असलेल्या प्रयोगशाळेचा वाटा होता.

महाराष्ट्राच्या अगदी अंगावर आलेलं उदाहरण १९९४ चं आहे. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींच्या प्लेगचे संशयित रुग्ण दिसले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग म्हणून हाहाकार उडाला. सुरतेतून लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली, त्यात तिथे कामाला गेलेली मराठी कुटुंबंही होती. परदेशांनी विमानं थांबवली, निर्यात अडली. मृत्यू पन्नासच्या आसपास. हा प्लेग होता की दुसरंच काही, यावर तज्ज्ञांत उघड भांडणं झाली. रामलिंगस्वामी समितीनं तो प्लेगच असल्याचा निष्कर्ष दिला, तरी शंका मिटल्या नाहीत. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सुरत आणि बीडच्या जंतूंचा डीएनए वाचून तो येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच जंतू, असल्याचं दाखवलं ते वर्ष २०००. सहा वर्षांनी आलेल्या या पुराव्याचं शास्त्रीय मोल मोठं आहे, पण सप्टेंबर १९९४ मधल्या सुरत स्थानकावरच्या गर्दीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. भीती मोठी होती, कारण उत्तर ढोबळ होतं. ‘प्लेग असावा’ एवढंच प्रत्येकाला सांगितलं जात होतं, आणि अशा वाक्यावर माणूस गाव सोडतो, ते साहजिकच.

डीएनए वाचण्याची पहिली सर्वत्र वापरली गेलेली रीत फ्रेडरिक सँगरनं १९७७ मध्ये दिली. मानवी जिनोमचा प्रकल्प तिच्याच सुधारलेल्या रूपावर १९९० ते २००३ अशी तेरा वर्षं चालला. त्यापुढच्या यंत्रांनी वेग अफाट वाढवला, पण ती जड होती, नाजूक प्रकाशमापनावर चालत आणि त्यांना वातानुकूलित खोली लागे. वेगळी वाट दाखवली ती डेव्हिड डीमरच्या १९८९ मधल्या वहीतल्या एका आकृतीनं. कल्पना अशी: एका पातळ पटलाच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी ठेवायचं, पटलात प्रथिनाचं एक अतिसूक्ष्म छिद्र बसवायचं आणि विजेचा दाब द्यायचा. छिद्रातून क्षारांचे भारित कण वाहतात, म्हणजेच मोजता येईल असा प्रवाह निर्माण होतो. आता परकराच्या नेफ्यातून नाडी ओढावी तसा डीएनएचा एकेरी धागा त्या छिद्रातून सरकवला, तर ज्या क्षणी जी अक्षरं छिद्रात अडकलेली असतील त्याप्रमाणे प्रवाह कमी-जास्त होतो. त्या चढउतारावरून अक्षरं ओळखायची. असा धागा छिद्रातून जातो आणि त्याची चाहूल प्रवाहात लागते, हे कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी १९९६ मध्ये दाखवलं. पण धागा भलत्याच वेगानं निघून जाई. त्याला आवर घालणारं, अक्षर-अक्षर पुढे सोडणारं विकर बसवण्यात पुढची दीड दशकं गेली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीनं २०१२ मध्ये यंत्र जाहीर केलं आणि २०१४ मध्ये निवडक संशोधकांच्या हाती दिलं. ‘मिनआयन’ नावाचं हे यंत्र शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचं, लॅपटॉपच्या यूएसबी खाचेला जोडलेलं. त्यात दिवे नाहीत, भिंगं नाहीत, आरसे नाहीत. मोजायची ती फक्त वीज, म्हणूनच ते इतकं लहान होऊ शकलं.

त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरत होता. गिनीच्या गेकेडू भागातल्या मेलियांदू गावात डिसेंबर २०१३ मध्ये एका लहान मुलापासून साथ सुरू झाली असं मानतात. तीन महिने हा कॉलरा की लासा ताप, यावर चर्चा होत राहिली. नमुने फ्रान्सला गेले आणि २०१४ च्या मार्चअखेर इबोला ठरला. म्हणजे यांबुकूनंतर अडतीस वर्षांनीही रक्ताची वाट तीच होती. शेजारच्या सिएरा लिओनमधून ७८ रुग्णांच्या नमुन्यांतले ९९ जिनोम अमेरिकेत वाचून ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञान उत्तम होतं, पण लेख छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण दगावले होते, त्यांत केनेमाच्या रुग्णालयात रुग्णांवर उपचार करणारे डॉ. शेख हुमार खान होते. त्यानंतर नमुने देशाबाहेर पाठवणं अवघड झालं आणि कित्येक महिने विषाणू कसा बदलतो आहे याची फारशी बातमीच आली नाही. एप्रिल २०१५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाचा जोशुआ क्विक विमानाच्या साध्या सामानात मिनआयन, लॅपटॉप आणि पीसीआरचं यंत्र घेऊन गिनीला उतरला. सगळं मिळून पन्नास किलोंच्या आत. वीज जायची, इंटरनेट कासवगतीनं चालायचं, आणि तेव्हा प्रवाहाच्या नोंदीची अक्षरं करायला ती नोंद इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवावी लागत असे. तरीही बाधित नमुना हातात आल्यापासून २४ तासांच्या आत उत्तर मिळू लागलं. प्रत्यक्ष वाचनाला १५ ते ६० मिनिटं पुरत. २०१५ च्या मार्च ते ऑक्टोबरमधल्या १४२ नमुन्यांचं हे काम फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्यातून दिसलं की गिनीत विषाणूच्या दोन शाखा फिरत आहेत आणि त्यांतली एक सिएरा लिओनमधल्या विषाणूशी जुळते, म्हणजेच साथ सीमा ओलांडून ये-जा करते आहे. एका देशाचा नकाशा समोर ठेवून आखलेली मोहीम तिथे अपुरी पडणार होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. रुग्णाला इबोला आहे की नाही हे पीसीआर स्वस्तात सांगतं. साथ थांबली ती संपर्कशोधानं, विलगीकरणानं आणि सुरक्षित दफनानं. ११ हजारांहून अधिक माणसं गेल्यावर उरलेल्या साथीत अक्षरं वाचून काय साधलं? रोगनिदानापुरतं बोलायचं तर हे मला मान्य आहे. खिशातला सिक्वेन्सर म्हणजे प्रत्येक खाटेजवळ ठेवायचं निदानयंत्र, अशी त्याची जी जाहिरात होते ती फसवी आहे. आजही एका रुग्णाच्या निदानासाठी त्याच्याहून सोप्या आणि स्वस्त चाचण्या आहेत. पण संपर्कशोध करणाऱ्या कार्यकर्त्याला नेमका दुसरा प्रश्न सतावत असतो. दोन गावांतले दोन रुग्ण एकाच साखळीतले, की मधला एक दुवा आपल्या नजरेतून सुटला? नायजेरियात २०१८ मध्ये लासा तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा खूपच वाढले तेव्हा नवा, अधिक घातक प्रकार आला असावा आणि तो माणसाकडून माणसाकडे पसरत असावा अशी धास्ती निर्माण झाली. एडो राज्यातल्या इरुआच्या रुग्णालयात मिनआयनवर नमुने वाचले गेले. विषाणू परस्परांपासून इतके वेगळे निघाले की ते एकमेकांकडून आलेले असणं शक्यच नव्हतं. बहुतेक रुग्णांना लागण उंदरांपासून स्वतंत्रपणे झाली होती आणि नवा प्रकार काही आलेला नव्हता. साथ चालू असतानाच ही माहिती नायजेरियाच्या रोगनियंत्रण केंद्राकडे गेली. १८९७ च्या पुण्याला नेमकं हेच उत्तर मिळालं नव्हतं: ‘माणसांना सोडा, उंदरांकडे बघा.’ एवढं एक वाक्य वेळेवर मिळालं, तर कोणती दारं ठोठावायची नाहीत हे कळतं. साथीच्या काळात ते कळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. सुरुवातीच्या मिनआयनच्या एकेका वाचनात शंभर अक्षरांमागे दहा किंवा त्याहूनही जास्त चुका असत. अशा यंत्रावर विसंबायचं कसं? उत्तर असं, की तोच तुकडा पुनःपुन्हा वाचला की ठिकठिकाणच्या चुका एकमेकींना खोडतात आणि एकमत बरंच विश्वासार्ह निघतं. इबोलाचा जिनोम सुमारे १९ हजार अक्षरांचा, त्यामुळे हे परवडतं. तरी ही रीत सगळीकडे चालत नाही हे ब्राझीलनं दाखवलं. २०१६ मध्ये झिकाचा माग काढायला एक फिरती प्रयोगशाळा बसमधून नातालहून साल्वादोरपर्यंत ईशान्य किनाऱ्यानं निघाली. हजाराहून अधिक नमुने तपासले गेले, पण रुग्णांच्या रक्तात झिकाचं प्रमाण इतकं कमी की वाटेत संपूर्ण जिनोम हाती लागणं दुरापास्त झालं. या अडचणीतूनच एक उपाय निघाला: विषाणूचा जिनोम एकमेकांवर थोडे चढलेल्या छोट्या तुकड्यांत वाढवायचा आणि मग जोडायचा. या रीतीनं झिकाची वंशावळ लागली. तो विषाणू ब्राझीलमध्ये मे २०१५ मध्ये ओळखला गेला, पण ईशान्य भागात २०१४ च्या सुरुवातीपासूनच पसरत असावा, असं दिसून आलं. हीच रीत जानेवारी २०२० मध्ये करोना विषाणूसाठी बेतून जगासमोर खुली ठेवली गेली आणि पुढे असंख्य प्रयोगशाळांनी ती वापरली. बसचा प्रवास अपेक्षेइतका फळला नाही, पण त्यातून निघालेल्या पद्धतीचा उपयोग बसपेक्षा कितीतरी दूर पोहोचला.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. यंत्र बाहेरून येतं, रसायनं बाहेरून येतात, वाचनाच्या चकत्या थंड ठेवाव्या लागतात, त्या संपल्या की त्याच एका कंपनीकडून मागवाव्या लागतात. मग बाहेरचा माणूस पेटी घेऊन येतो, अक्षरं वाचून घेऊन जातो आणि लेखावर नाव लावतो, यात आणि थर्मासच्या काळात फरक तो काय? २०१५ पुरतं पाहिलं तर फरक कमीच होता. म्हणूनच मी त्यानंतरच्या दोन साथींकडे बोट दाखवतो. कॉंगोच्या, म्हणजे पूर्वीच्या झैरच्या, उत्तर कीवू प्रांतात २०१८ ते २०२० अशी इबोलाची साथ चालली. किन्शासाच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय संशोधन संस्थेनं या काळात ७४४ जिनोम वाचले आणि निष्कर्ष थेट तपास पथकांना दिले. या संस्थेचे प्रमुख जाँ-जाक मुयेंबे, म्हणजे १९७६ मध्ये यांबुकूला जाऊन आजारी ननला किन्शासाला घेऊन येणारे तेच तरुण डॉक्टर. बऱ्या झालेल्या एका रुग्णाला सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा तोच आजार उद्भवला आणि त्याच्यापासून ९१ जणांची साखळी तयार झाली, हे कळलं ते या वाचनामुळेच. चौकशीत ते क्वचितच उघड झालं असतं. दुसरी साथ गिनीचीच, २०२१ ची. फेब्रुवारीत ती जाहीर झाली आणि मार्चमध्ये कोनाक्रीच्या केंद्रात, डकारला आणि जर्मनीतल्या पथकाच्या मदतीनं, असे वेगवेगळे जिनोम वाचून झाले. सर्वांचं उत्तर एकच निघालं: हा विषाणू जंगलातून नव्यानं आलेला नाही, तो २०१३-१६ च्या साथीतलाच आहे आणि मधली पाच वर्षं बहुधा एखाद्या वाचलेल्या माणसाच्या शरीरात दबून होता. इतका काळ तो राहू शकतो असं त्याआधी कुणी गृहीत धरलेलं नव्हतं. इबोलाच्या उगमाबद्दलची समजूत बदलणारा हा शोध त्याच देशातल्या शास्त्रज्ञांच्या नावावर आहे. रसायनांचं परावलंबन उरलं, हे खरंच. पण प्रश्न कुणी विचारायचा आणि उत्तर आधी कुणाला मिळायचं, हे तिथे बदललं.

याच शोधाची दुसरी बाजूही आहे, तीही दडवू नये. वाचलेल्या माणसाच्या शरीरात विषाणू वर्षानुवर्षं राहू शकतो ही बातमी गावात पोहोचली की त्या माणसाकडे गाव कसं बघणार? त्याच्याशी लग्न कोण करणार, त्याच्या हातचं कोण खाणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसजसं बारीक होतं तसतसं ते एखाद्या घरावर, एखाद्या नावावर येऊन थांबतं. झडतीच्या काळात सगळी पेठ दोषी ठरायची, आता एकच माणूस ठरू शकतो. वर मी बारीक उत्तराची बाजू घेतली आहे आणि ती सोडत नाही, पण त्याबरोबर नावं गुप्त ठेवण्याची शिस्त आणि वाचलेल्यांची दीर्घकाळ काळजी या दोन गोष्टी नसतील, तर हे यंत्र जुन्याच भीतीला नवा पत्ता देईल.

आता आपल्याकडे. २५ डिसेंबर २०२० रोजी भारतात करोनाच्या जनुकीय वाचनासाठी दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ संघ स्थापन झाला. यंत्रं होती, कुशल माणसं होती, पुण्यात तर जुनी परंपरा होती. ठरलं असं की बाधित नमुन्यांपैकी ५ टक्के वाचायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती भागात रुग्ण झपाट्यानं वाढू लागले. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की राज्यांकडून आलेल्या १०,७८७ नमुन्यांपैकी ७७१ नमुन्यांत चिंताजनक प्रकार आढळले आहेत आणि महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन नवे बदल एकत्र दिसले आहेत. देशातल्या रुग्णसंख्येच्या तुलनेत हे वाचन फार तोकडं होतं. पुढे याच वंशातल्या विषाणूला जगानं ‘डेल्टा’ म्हटलं. अमरावतीतल्या डॉक्टरला जे दिसत होतं त्याचा अर्थ त्याला कळवायला व्यवस्थेला कित्येक आठवडे लागले आणि हा उशीर यंत्राचा नव्हता. नमुना तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्याला किंवा हैदराबादला जायचा, तिथे रांग, मग अहवाल दिल्लीला आणि दिल्लीहून, जमलं तर, परत. मुठीएवढं यंत्र आणून या साखळीच्या शेवटच्या कडीला जोडलं तर काहीच बदलत नाही. २०२२ मध्ये नाशिकला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, बसमध्ये बसवलेल्या जैवसुरक्षा-३ प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोझिकोडला निपाह पुन्हा आला तेव्हा पुण्याच्या संस्थेचं फिरतं पथक तिथे गेलं. दिशा योग्य आहे. पण अशी गाडी साथ जाहीर झाल्यावर निघते, आणि वर सांगितलेल्या बहुतेक कहाण्यांत नुकसान त्याआधीच्या आठवड्यांत झालं होतं.

म्हणून यंत्रखरेदीच्या बातमीनं समाधान मानू नये, असं मला वाटतं. आपल्या जिल्हा रुग्णालयातून अज्ञात तापाचा नमुना बाहेर गेला तर तो कुठे जातो, तिथे किती दिवस पडून राहतो आणि अहवाल तो पाठवणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर परत येतो की नाही, हे आरोग्य समितीच्या बैठकीत, जिल्हा परिषदेत, विधिमंडळात विचारलं जायला हवं. साथ नसलेल्या महिन्यात विचारलं तर अधिक बरं, कारण व्यवस्था सुधारायला त्याच महिन्यात सवड असते.